व्हर्दागेर: तुम्ही विचारलंत म्हणून

कॅटलन ही ईशान्य स्पेनमधल्या कॅटलोनियाची भाषा. तिच्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या जासिंत व्हर्दागेर या कवीवर बोललो की प्रश्न ठरलेला: "म्हणजे ते कॅटलनचे ज्ञानेश्वरच ना?"

नाही हो. माउलींच्या काळात कॅटलनमध्ये रामोन लुल गद्य-पद्य दोन्ही लिहीत होता. पाया तेव्हाचा. पुढे स्पॅनिशचं वजन वाढलं, १७१६च्या राजाच्या फर्मानाने वरिष्ठ न्यायालयातही तीच आली. पण शेतात, चुलीपाशी कॅटलन चालूच होती. 'एका कवीने मेलेली भाषा जिवंत केली' हे ऐकलं की म्हणूनच राग येतो. ती बोलत राहिलेल्या बायाबापड्यांचं काय?

मग व्हर्दागेरने केलं काय? बार्सिलोनातली 'जोक्स फ्लोराल्स' ही काव्यस्पर्धा १८५९ मध्ये पुन्हा सुरू झाली होती. १८६५ मध्ये विक शहराजवळच्या फोल्गेरोलेस गावचा हा विशीतला पोरगा तिथे शेतकऱ्याच्या वेषात बक्षीस घ्यायला आला. सोबत बारेतिना, म्हणजे तिकडची लोकरी टोपी. विकच्या परिसरातली बोलीही त्याने सोबत आणली. १८७७ मध्ये तिच्याच बळावर 'लात्लांतिदा' हे त्याचं महाकाव्य गाजलं.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: "शेवटी डोक्यावर परिणाम झाला होता म्हणे?"

पूर्वी मी हा भाग गाळायचो. कवीची बदनामी नको, असं वाटायचं. आता सांगतो. तो धर्मगुरू. १८८६ मध्ये रिपोलच्या मठात विकचे बिशप मुरगादेस यांनी त्याला कवी म्हणून मुकुट चढवला. कोमियासचा मार्क्विस या धनाढ्य सरदाराच्या घरचा दानधर्म तो बघायचा. देताना हात आखडला नाही, कर्ज झालं. भूत उतरवण्याच्या विधींतही तो गुंतला. त्याचं समर्थन माझ्याने होत नाही. १८९३ मध्ये त्याला बार्सिलोनापासून दूर, विकजवळच्या ला ग्लेवा या देवस्थानात धाडलं. १८९५ मध्ये तो बार्सिलोनाला परतला आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करण्याचा त्याचा अधिकार गेला. काढून घेणारे तेच मुरगादेस!

मुकाट्याने माफी मागितली असती तर कदाचित निभावलं असतं. त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिले, १८९५ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये: मालक, बिशप, नातलग, सगळ्यांविरुद्ध. 'लात्लांतिदा'त देव आणि बुडालेली भूमी आहे. या लेखांत एक माणूस आपली अब्रू वाचवतोय. आज ते कॅटलनमधलं अव्वल गद्य मानतात. मला तर महाकाव्यापेक्षा हेच मोठं वाटतं. असं भांडण छापून मांडता येतं ती भाषा समारंभापुरती उरत नाही.

"मग त्याला वेडा म्हणणारे खोटे?" तसंही छातीठोक म्हणवत नाही. १८९८ मध्ये अधिकार परत मिळाला, १९०२ मध्ये तो गेला. अंत्ययात्रेला बार्सिलोना लोटलं. ते कवीसाठी आले की छळलेल्या धर्मगुरूसाठी, यावर माझं मत अजून बदलत असतं.