थांबा, साहेब काम करायलेत

शुक्रवार, रात्री साडेदहा.

मंगळवारची गोष्ट आज लिहायला घेतो आहे. मधल्या तिन्ही रात्री वही उघडली आणि मिटली, कारण लिहिण्यासारखे काही घडलेच नाही असे स्वतःला पटवून देता येत होते. कोणी तक्रार केली नाही, कोणी आवाज चढवला नाही, वरच्या साहेबांच्या कानावर काही गेले नाही. खरे तर काही घडले असते तर बरे झाले असते, असे आता वाटते.

मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी टेबलावर निराधार अनुदानाच्या प्रलंबित प्रकरणांची नस्ती, म्हणजे फाइल, उघडून ठेवली होती, आणि तिच्या आडोशाला मोबाइल उभा करून, कोण्या एका माणसाने गंजून चिकटलेला जुना अडकित्ता घासून लखलखीत केल्याचा व्हिडिओ पाहत होतो. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. आवाज बंद ठेवला होता, एवढे भान होते. त्या माणसाने आधी अडकित्त्याचा खिळा ठोकून काढला, मग दोन्ही पाती सुटी करून कसल्याशा द्रवात बुडवून ठेवली, गंजाचा थर सुटल्यावर पॉलिश पेपरने घासत घासत खालचा पितळी मोर उघडा केला, आणि शेवटी पाती पुन्हा जोडून एक सुपारी कातरून दाखवली. सुपारीचे दोन तुकडे झाले तेव्हा मी समाधानाचा श्वास सोडला आणि मान वर केली. टेबलापलीकडे एक आजी उभ्या होत्या. त्यांच्या मागून कागद पुढे करत घुसू पाहणाऱ्या एका तरुण मुलाला त्यांनी आडवा हात लावून थोपवले होते आणि हलक्या आवाजात त्या त्याला सांगत होत्या, ‘थांब की रे जराक. सायेब काम करायलेत.’

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. टोमणा असता तर मला तो ओळखता आला असता, या टेबलावर बसून बावीस वर्षांत तेवढी एक विद्या तरी मी कमावली आहे. टोमणा असता तर मी मनातल्या मनात चार उत्तरे दिली असती, संध्याकाळी घरी येऊन सौ.ला सांगितले असते आणि जेवून झोपलो असतो. पण त्या बाईंनी मनापासून माझे काम जपले होते. घरात कोणी पोथी वाचत बसले असेल तर पोरांना जसे दटावतात, तसे त्यांनी त्या मुलाला दटावले होते.

त्यांचे काम म्हणाल तर एवढेच होते की तीन महिने अनुदान आले नव्हते. महिन्याचे १,५०० प्रमाणे ४,५०० रुपये. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि त्यांचे आधार मध्यंतरी दुसऱ्याच कामासाठी उघडलेल्या दुसऱ्या बँकेतल्या खात्याला जोडले गेले होते. पैसे मुकाट्याने तिकडे जमा होत होते आणि आजी मात्र जुन्या बँकेत जाऊन रिकामे पासबुक भरून घेत होत्या. संगणकावर हे पाहून त्यांना समजावून सांगायला मला चार मिनिटे लागली. ‘म्हंजी पैसे हायत म्हणा की,’ एवढे त्या म्हणाल्या, पासबुक पिशवीत ठेवले, पिशवीला गाठ मारली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून जरा लगबगीने निघाल्या. कोणती गाडी गाठायची होती ते मी विचारले नाही. एसटीचे तिकीट बायकांना अर्धे झाले आहे. गाडी मात्र अर्ध्या तासाला असतेच असे नाही.

मी आमच्या शिपाईमामांना विचारले, ‘त्या आजी कधीपासून उभ्या होत्या?’ मामा म्हणाले, ‘झाला की बराच वेळ. तुम्ही कामात होतात, म्हणून मीच म्हटलं त्यांना, जरा दम धरा.’ हे सांगताना मामांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते खिडकीकडे पाहत होते. त्या पाहण्याचा अर्थ लावायचा मी टाळला आहे आणि इथेही टाळतो.

मंगळवारी रात्री मला स्वतःची पुष्कळ कीव आली. आली ती अगदीच अकारण नव्हती. आमच्या कक्षात माणसे कमी आणि टेबले जास्त आहेत. दोन टेबलांचा कार्यभार माझ्याकडे अतिरिक्त म्हणून आहे आणि त्या ‘अतिरिक्त’ला आता इतकी वर्षे झाली की मूळ कोणते हे मलाच आठवावे लागते. २०२० च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हापासून सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी वेळ आहे. कागदावर दुपारच्या सुटीचा अर्धा तास वजा जाता आठ तास भरतात, पण त्या आठ तासांतला सलग असा तास मला दाखवून द्यावा. सकाळी बसल्याबरोबर ‘आजच, तात्काळ, ई-मेलद्वारे’ असा शेरा मारलेला माहितीचा नमुना येतो. तीच माहिती मागच्या आठवड्यात दुसऱ्या नमुन्यात दिलेली असते, फक्त रकाने उलटसुलट असतात. तो भरत असताना व्हिडिओ कॉन्फरन्सची वेळ कळते, कॉन्फरन्समध्ये असताना ग्रुपवर तिसराच आदेश पडतो, आणि सर्व्हर चालू झाला म्हणावे तोवर वीज जाते. आमच्या लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. माझे टेबल त्या गोलाईच्या मधोमध मांडले आहे असे मी कितीदा तरी म्हटले आहे आणि ऐकणारे हसले आहेत. अशा माणसाने अकरा मिनिटे एखादा अडकित्ता पाहिला तर कोणाचे काय बिघडले, असे मी मंगळवारी रात्री अंथरुणावर पडून बराच वेळ विचारत होतो. पदोन्नतीच्या यादीचाही विषय त्यात मी ओढून आणला. ते असो.

बुधवारी मात्र मी एक हिशेब मांडला. टेबलावरच्या रद्दी कागदावर, हातातल्या कामातून लक्ष उडाले की पेन्सिलीने एक रेघ ओढायची. लक्ष दुसऱ्या कोणामुळे उडाले तर उजवीकडे, आपण होऊन उडाले तर डावीकडे. दुपारच्या सुटीपर्यंत चौतीस रेघा झाल्या. उजवीकडे पंधरा आणि डावीकडे एकोणीस. (रेघ ओढण्याकडे लक्ष गेले त्याची रेघ धरलेली नाही.) उजवीकडच्या पंधरांत साहेबांचे बोलावणे, टपाल, शेजारच्या बाईंनी विचारलेला जावक क्रमांक, दोन चहा आणि बाकी सगळी दारातून आत आलेली माणसे होती. डावीकडच्या एकोणीसांत कोणीच नव्हते. मोबाइल वाजलासुद्धा नव्हता. तो वाजेल असे वाटून मी तो उचलला होता. गोलाईतला सोळावा रस्ता नव्हे, गोलाईच मी होतो, असे काहीसे सुचले होते, पण ते फार बरोबर वाटत नाही म्हणून सोडून देतो.

रात्री जेवताना धाकटीला हे सांगितले. ती अभ्यासिकेत बसते; तिथे दारातच मोबाइल जमा करून घेतात आणि मुले सकाळपासून रात्रीपर्यंत मान खाली घालून बसतात, ज्याला बाहेरचे लोक लातूर पॅटर्न म्हणून कौतुकाने किंवा काळजीने पाहतात. तिने मला ग्लोरिया मार्क या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंविषयी सांगितले. त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हिन येथे माणसांच्या लक्षाचा अभ्यास करत आल्या आहेत आणि त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष कार्यालयांत कर्मचाऱ्यांच्या मागे घड्याळ घेऊन बसून नोंदी केल्या. २००४ च्या सुमारास माणूस संगणकाच्या एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होता, अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांवर आला. आणि जे व्यत्यय येतात त्यांतले निम्म्याच्या जवळपास माणूस स्वतःच स्वतःला आणतो. ‘म्हणजे तुमचा हिशेब तिच्याशी जुळतो, बाबा,’ धाकटी म्हणाली. एका तालुक्याच्या कारकुनाचा रद्दी कागद अमेरिकेशी जुळला याचा मला क्षणभर आनंदही झाला.

पण मग ४७ सेकंदांचा हिशेब अडकित्त्याला लावून पाहिला आणि पुन्हा तेच मंगळवारचे दुखणे वर आले. अकरा मिनिटे म्हणजे ६६० सेकंद. त्या ६६० सेकंदांत मी मान वर केली नाही, चहाची आठवण झाली नाही, पाय हलवला नाही, समोर एक माणूस येऊन उभा राहिला, मागे दुसरा आला, त्यांचे आपसांत बोलणे झाले, आणि मला त्यातले काहीही ऐकू आले नाही. एकाग्रता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? मला लक्ष लागत नाही, माझे मन चंचल झाले आहे, असे जे मी चारचौघांत सांगत फिरतो ते साफ खोटे आहे. लक्ष उत्तम लागते. त्या आजींनी जे पाहिले ते चुकीचे नव्हतेच; त्यांच्या समोरचा माणूस खरोखरच तल्लीन होता, आणि तल्लीन माणूस काहीतरी मोलाचेच करत असणार हा त्यांच्या पिढीचा समज आहे. चूक झाली असेल तर ती मी ज्यात तल्लीन होतो ते नस्तीच्या आडोशाला होते, एवढीच. आणि तो आडोसा मीच केला होता.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आमच्याकडे लेकरालेकराला ठाऊक असते, आणि माझी तर सासुरवाडच तेरची, म्हणून दर भेटीत देवळात जाणे होते. चिखल तुडवताना काका विठ्ठलनामात इतके बुडाले की रांगत आलेले स्वतःचे मूल पायांखाली आल्याचे त्यांना कळले नाही. लहानपणी ही कथा ऐकताना मी भक्तीचा विचार करत असे, संसाराला लागल्यावर त्या आईचा करू लागलो, आणि या आठवड्यात पहिल्यांदाच मला असे वाटले की ही कथा लक्ष लागण्याविषयीसुद्धा आहे. लक्ष पुरते लागले की पायांखाली काय येते ते कळत नाही. फरक इतकाच की काकांपाशी विठ्ठल होता. माझ्यापाशी अडकित्ता होता, तोही दुसऱ्याचा. हे सुचल्यावर बुधवारी रात्री मला अंथरुणात एकट्यालाच हसू आले, आणि सौ.ने काय झाले म्हणून विचारले तेव्हा सांगता आले नाही.

गुरुवारी उपाय करून पाहिला. तोही धाकटीचाच. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटलीतल्या एका विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून अभ्यास केला. पंचवीस मिनिटे सलग काम, मग पाच मिनिटे विश्रांती. पद्धतीला नावही टोमॅटोचेच मिळाले, इटलीच्या भाषेत पोमोदोरो. अभ्यासिकेत ती छान चालते म्हणे. मी साडेदहाला पंचवीस मिनिटांची वेळ लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला. मोबाइलवर आठ संदेश आले होते. ते पाहून होईपर्यंत दहा बेचाळीस झाले आणि वेळ लावायची राहून गेली. दुसऱ्या वेळी ती लावली, तर नवव्या मिनिटाला एक पेन्शनर आजोबा काठी टेकत आत आले. आता त्यांना ‘सोळा मिनिटे थांबा, माझा टोमॅटो चालू आहे’ असे सांगणार होतो की काय? आमच्या टेबलावर समोरचा माणूस हा व्यत्यय नाही, तेच काम आहे. नस्ती आहे ती त्याची सावली. हे त्या टोमॅटोला माहीत नाही, आणि माझ्या उजवीकडच्या पंधरा रेघांनाही माहीत नव्हते, असे तेव्हा लक्षात आले. घरी येऊन मी तो रद्दी कागद पुन्हा काढला आणि दारातून आलेल्या माणसांच्या रेघा खोडल्या. उजवीकडे पाच उरल्या. डावीकडच्या एकोणीस तशाच आहेत.

आज काही फार केले नाही. खुर्ची थोडी तिरकी करून घेतली, म्हणजे नस्ती कशीही धरली तरी दार दिसते. मामांनी विचारले, ‘साहेब, पंख्याचं वारं लागंना का?’ मी हो म्हणालो. मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला, आवाज बंद केला, पण थरथर बंद करायची कशी ते मला ठाऊक नव्हते आणि कोणाला विचारायची लाज वाटली. त्यामुळे दिवसभर मधूनमधून ड्रॉवरमधल्या टाचण्यांची डबी कुरकुरत होती. तीनच्या सुमारास उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक बाई आल्या, त्यांच्या मागे आणखी तिघे होते, आणि नेमकी तेव्हा ती डबी दोनदा वाजली. त्या बाई म्हणाल्या, ‘तुमचा फोन यायलाय वाटतं, घ्या की.’ मी म्हणालो, ‘वाजू द्या, मावशी.’ इतके साधे वाक्य बोलताना माझा आवाज उगाचच मोठा झाला, शेजारच्या बाईंनी वळून पाहिले, आणि मला आपण भाषण केल्यासारखे वाटले.

चौघांचे आटोपल्यावर ड्रॉवर उघडला. फोन कोणाचाच नव्हता. अडकित्तावाल्या त्या माणसाने नवा व्हिडिओ टाकल्याची सूचना होती; या वेळी गंजलेला कंदील. आज रात्री जेवण झाल्यावर ओसरीत बसून तो पाहिला. चौदा मिनिटांचा आहे. काच मात्र त्याने नवी घातली, ती मला पटली नाही.