नागपट्टिणमहून बोटीनं श्रीलंकेला, माझा अनुभव

तंजावरला जायचं होतंच, सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोठ्या देवळातला (बृहदीश्वर) भोसल्यांचा मराठी शिलालेख बघायला, आणि तिथून नागपट्टिणम फार लांब नाही, मग म्हटलं इतकं आलोच आहोत तर बोटीनं जाफन्याला जाऊन येऊ. विमानानं कोलंबो सगळेच करतात.

ही फेरी ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, लगेच बंद पडली आणि ऑगस्ट २०२४ पासून शिवगंगाई नावाची बोट परत सोडायला लागले. तिकीट ऑनलाइन, पासपोर्ट नंबर टाकूनच होतं. श्रीलंकेचं ईटीए (ऑनलाइन प्रवेश परवानगी) घरूनच काढून प्रिंट घेतली होती (मोबाईलवर दाखवू असं म्हणू नका, प्रिंट ठेवाच). नोव्हेंबरच्या आसपास तिकडचा पाऊस आणि वारा असतो तेव्हा फेऱ्या बंद ठेवतात, तारखा बघून मगच पुढचं बुकिंग करा.

बंदरावर पहाटेच पोचलो. खरा वेळ इथेच जातो, समुद्रात नाही. बॅगेचं वजन, एक्सरे, कस्टम, इमिग्रेशन, शिक्का, सगळं एअरपोर्टसारखंच, फक्त हॉल छोटा आणि पंखे जास्त. रांगेत आमच्यासारखे टुरिस्ट कमी, कापडाचे गठ्ठे घेतलेले लोकच जास्त, वजनकाट्यापाशी त्यांची जी घासाघीस चालते ती बघण्यासारखी, एकाच्या गठ्ठ्यातल्या साड्या दुसऱ्याच्या बॅगेत, दुसऱ्याच्या तिसऱ्याच्या, आणि काटेवाला शांतपणे बघत उभा. जादा किलोला पैसे मोजावे लागतात म्हणून हा सगळा खटाटोप.

बोट एसी, विमानासारख्या सीटा. ११० किमीच्या आसपास अंतर, चारेक तास. पहिला तास मजेत, मग किनारा दिसेनासा झाला आणि बोट हलायला लागली. आत्या म्हणाली, "अगं, माझं पोट वर येतंय." अव्होमिन निघायच्या आधीच दिली होती म्हणून निभावलं. पुढच्या रांगेतल्या बिचाऱ्यांनी पिशव्या धरल्या होत्या.

उतरतो ते जाफन्याजवळच्या कांकेसंतुराई बंदरात, सगळे केकेएसच म्हणतात. घड्याळ बदलायचं नाही, वेळ तीच. इमिग्रेशनवाल्यानं हॉटेलचा पत्ता आणि परतीचं तिकीट मागितलं, बस्स, बाकी काही नाही. बाहेर आलो की डाव्या-उजव्या बाजूला बंद पडलेली सिमेंट फॅक्टरी, नेव्हीचे कॅम्प, मधेच ताडाची झाडं, तिकडचं यादवी युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी ते या रस्त्यावर दिसतंच. जाफना तिथून साधारण १८-२० किमी, रेल्वे आहे पण वेळ जुळली नाही म्हणून रिक्षानं गेलो. आधी कीरिमलईला थांबा, समुद्राच्या अगदी कडेला गोड्या पाण्याचं कुंड आहे, बोटीनंतर तिथे पाय सोडून बसायला भारी वाटतं. जाफन्यातल्या नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढावा लागतो, हे माहीत असू द्या.

येताना तीच रांग, तेच गठ्ठे, फक्त आता आत्याच्या बॅगेत ताडगूळ होता आणि कस्टमवाल्यानं तो हुंगून परत दिला.