रिकामी करवंटी

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं त्या दिवशी मिलवर तुरीच्या तीन गाड्या उतरायच्या होत्या. हमाल हाका मारायलेत आणि मी काट्याच्या खोलीत पत्र घेऊन बसलेलो. मुलगा म्हणाला, "बाबा, कुणाची नोटीस आली का?" शाळेची आहे म्हटलं. स्मरणिकेसाठी दोन पानं मागितली आहेत. बिलाशिवाय दुसरं काही लिहायची सवय नाही, तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

मी १९७५ च्या पहिल्या तुकडीतला, तेही बालवर्गातला. बाकीचे मित्र विज्ञानाच्या सरांवर, मोठ्या सरांच्या छडीवर, गॅदरिंगवर लिहितीलच. मला एकच माणूस आठवतो, बाई. नाव लिहायची गरज नाही; गावात नुसतं 'बाई' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांपुढं येत नाही. म्हातारी माणसं त्यांना 'चिंचोक्याच्या बाई' म्हणायची. आधी ते टिंगलीनं होतं, मग तेच नाव पडलं.

माळवदाची ती खोली नव्या लोकांनी पाहिलेली नाही. १९९३ च्या भूकंपात तिच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग गेली आणि पुढं ती पाडली. आत बाकडी नव्हती, एक सतरंजी, एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवर दोन फोटो. एक गिजुभाईंचा, दुसरा ताराबाई मोडकांचा, दोघंही बालशिक्षणातली मोठी माणसं. आम्हाला ते बाईंचे आईवडील वाटायचे. बाईंचं प्रशिक्षण डहाणूकडच्या कोसबाडला झालं होतं, ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांच्या हाताखाली. शंख, शिंपले, बिया, खडे, जे परिसरात मिळेल त्यातून लेकरांना शिकवायचं, ही तिकडची रीत. आपल्याकडं समुद्र नाही. मग शंखाच्या जागी चिंचोका आला.

चिंचोके फोडून बाई पाच फाका हातात द्यायच्या. एक बाजू काळी, एक पांढरी. सतरंजीवर टाकायचे आणि ओरडायचं, "तीन पांढरे, दोन काळे!" पुन्हा टाकायचे. "चार आणि एक!" हा जुगार आम्ही दोन-दोन तास खेळायचो. पाचाची फोड किती प्रकारे होते हे मला कुणी सांगितलेलं नाही, ते हातानंच कळलं. पाढे पुढं पाठ केले ते बरेच विसरलो, हे नाही विसरलो.

गाडीचा खेळही होता. एकमेकांचे सदरे धरून रांग करायची आणि बार्शी लाईट, म्हणजे आपली छोटी रेल्वे, लातूरहून निघायची. हरंगूळ, औसा रोड, मुरूड, ढोकी, येडशी… प्रत्येक ठेसनाला एक जण उतरायचा, एक चढायचा. कुर्डूवाडीपर्यंत जाता जाता निम्मी गाडी लघवीला पळालेली असायची.

पालकांना हे पटत नव्हतं. "लेकरं काय शिकायलेत? नुसते खेळायलेत की!" माझे वडील आडतीवर हमाल. एक दिवस ते पाटी घेऊनच आले, पोराला अ-आ लिहायला लावा म्हणून. पोळा तोंडावर आला होता आणि आम्ही काळ्या मातीचे बैल करत बसलो होतो. बाईंनी वडिलांच्या हातात मातीचा गोळा दिला. "याची शिंगं काढून दाखवा." पाठीवर क्विंटलाचं पोतं उचलणाऱ्या माणसाची शिंगं दोनदा तुटली. बाई म्हणाल्या, "अक्षर बारीक असतं दादा. आधी बोटांत जोर आणि बेत यायला पायजे." वडील पाटी घेऊन परत गेले. बैल मात्र सोबत नेला.

त्याच दिवसांतली गोष्ट. बाजाराचा खेळ होता. तराजू आम्हीच केलेला: तुराटीची दांडी, सुतळी आणि दोन करवंट्या. वजनाला नदीतले गोटे, पैशाला सोडावॉटरची बुचं. मी तुरीचा दुकानदार. आता सांगायला हरकत नाही, मी बैलाची उरलेली ओली माती मालाच्या करवंटीच्या बुडाला थापली होती. ही अक्कल कुठल्या काट्यावर पाहिली ते लिहीत नाही, ती माणसं गेली. बुचं भराभर जमली. मग एका मुलीनं (आज ती नातवंडांची आजी आहे आणि अजून तशीच भांडते) ओंजळ पाहून गिल्ला केला, "माझ्या तुरी कमी आल्या!"

बाई आल्या. त्यांनी तराजू रिकामा करून धरला. मालाची करवंटी खाली गेली.

"यात काहीच नाही. मग ही खाली का जाते?"

एक म्हणाला, वारं लागायलंय. दुसरा म्हणाला, तिला भूक लागली. तुराटी वाकडी आहे, असं तिसरा म्हणाला, तर बाईंनी ती उलटी करून धरली. तीच करवंटी खाली. मग दोन्ही करवंट्यांच्या जागा बदलल्या. तरी तीच. बाजार बंद पडला, सगळा वर्ग तराजूभोवती. शेवटी कुणीतरी दुसऱ्या करवंटीत खडे टाकायला लागलं, एक, दोन, तीन. तिसऱ्याला दांडी सरळ झाली. "म्हणजे प्रत्येकाला तीन खड्यांएवढ्या तुरी कमी गेल्या," बाई म्हणाल्या. माझ्या कानातून वाफ निघत होती. करवंटी उलटी करून पाहिली असती तर संपलंच होतं. त्यांनी ती पाहिली नाही. माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जा, हौदावर दोन्ही धुऊन आण."

दोन्ही म्हणाल्या. ते 'दोन्ही' मला कळायला बरीच वर्षं गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी काटा तपासणारा साहेब. रिकामा तराजू मी धरून पाहिल्याशिवाय बाजार उघडायचा नाही.

आज लातूरला माझ्या दोन डाळमिल आहेत. थोरला मुलगा डाळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन बघतो, धाकटा हिशोब. शाळेला मागच्या वर्षी पाण्याची टाकी दिली, तिच्यावर वडिलांचं नाव आहे, ते कुणी पुसू नये ही विनंती. पहिल्या मिलचं उद्घाटन बाईंच्या हातून केलं. पुढारी मंडळी फीत घेऊन उभी आणि बाई सरळ काट्यापाशी. रिकाम्या पारड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "धुतलास का रे?" लोकांना वाटलं साफसफाईचं विचारतात. मी साठ माणसांत लहान झालो. वैधमापनवाले दरवर्षी शिक्का मारून जातात, त्यांची मला कधी एवढी भीती वाटली नाही.

बाई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. खांदा द्यायलाही जाता आलं नाही.

नातू चार वर्षांचा आहे, ज्युनियर केजीत. रोज पानभर आकडे लिहून न्यायचे असतात. त्याच्या शाळेत खेळणी आहेत, चांगली रंगीत आहेत, पण काचेच्या कपाटात, कुलूप लावून. ती प्रवेशाच्या दिवशी पालकांना दाखवतात. सूनबाई सांगत होती, २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या लेकरांना खेळातून शिकवा असं लिहिलंय. लातूर पॅटर्नच्या गावात हे कोण ऐकणार? इथं पाळण्यातच डॉक्टर ठरलेला असतो. मी संध्याकाळी त्याला मिलवर आणतो आणि तुरीच्या ढिगात सोडतो. घरी ओरडा बसतो.

परवा शाळेत येऊन गेलो. नवी इमारत छान आहे. पण बालवर्गातसुद्धा बाकडी घातली आहेत आणि लेकरांचे पाय अधांतरी लोंबतात. संस्थेनं रागावू नये. ती बाकडी काढून वरच्या वर्गांना द्या, सतरंज्यांचा खर्च माझा. तुराट्या आणि करवंट्या गाडीनं पाठवतो, सुतळी मिलवर पडूनच असते. चिंचोके मात्र मी देणार नाही, ते लेकरांनीच वेचावेत. मागची चिंच अजून उभी आहे, पाहून आलोय.