बाटली पास, तक्रार बंद

आमच्या जिवाणू खतांच्या कंपनीच्या लॅबला शेतकरी कधी येत नाही. तक्रार येते ती डीलरकडून, कुरिअरने बाटली आणि सोबत एक फॉर्म, त्यावर कारण म्हणून 'रिझल्ट नाही' एवढंच खरडलेलं. पण नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गेटवर एन्ट्री करून, मुळासकट उपटलेली मक्याची ताटं गोणपाटात गुंडाळून माणूस स्वतः आलाय हे पहिल्यांदाच बघितलं, आणि तो जे बोलून गेला ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

काका येवला तालुक्यातले. बाटली त्यांनी मागितलेलीच नव्हती, युरियावर लिंकिंगमध्ये गळ्यात पडलेली. खरिपात युरियाची ओरड सुरू झाली की 266 रुपयांच्या गोणीमागे दुकानदार काहीतरी चिकटवतोच, आणि आमचे सेल्सवाले त्याला मार्केट डेव्हलपमेंट म्हणतात. जास्त बोलत नाही, पगार तिथूनच येतो.

बाटलीत ॲझोस्पिरिलम. मका, ज्वारी, ऊस असल्या पिकांच्या मुळांभोवती राहणारा जिवाणू, हवेतला नत्र घेऊन त्याचा अमोनिया करतो. आता तक्रारीची बाटली आम्ही तपासतो कशी, तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे. द्रवरूप कल्चरमध्ये मिलीला किमान 10 कोटी जिवंत पेशी पाहिजेत, आणि बिननत्राच्या मीडियात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या खाद्यात, पांढरी पापडी धरली पाहिजे. मीडियात घट्ट करणारी अगर पावडर अगदी चिमूटभर, त्यामुळे धड पातळ नाही धड घट्ट, ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्यामुळे रंग हिरवट. त्यात बाटलीतल्या कल्चरचं डायल्यूशन, म्हणजे पातळ केलेला थेंब, सोडायचं आणि ट्यूबा इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, न हलवता. हे 'न हलवता' नवीन पोरांना सांगून सांगून माझा घसा बसतो, पोरं रोज ट्यूब उचलून उजेडात धरणार म्हणजे धरणारच. नीट ठेवलं तर तीन-चार दिवसांत मीडिया निळा होतो आणि पृष्ठभागाच्या काही मिलीमीटर खाली बारीक पांढरी पापडी दिसते. वर नाही, खालीच. कारण नत्र फोडणारं एन्झाइम, नायट्रोजनेज, त्याला ऑक्सिजन लागला की ते बिघडतं, आणि जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन हवाच, म्हणून तो बरोबर तेवढ्याच खोलीवर जाऊन थांबतो जिथे दोन्हीचं भागतं. इतकी वर्षं बघतेय तरी ती पापडी धरली की बरं वाटतं.

काकांच्या बाटलीची पापडी एक नंबर होती, काउंटही लिमिटच्या वर. म्हणजे बाटली पास, तक्रार बंद, तसा मेल डीलरला जाऊनही झालेला. तोच मेल वाचून काका आलेले.

टेबलावर पेपर अंथरून त्यांनी दोन ताटं ठेवली. "ताई, यातलं एक बाटलीचं, एक बिनबाटलीचं. वळखा." आठ सऱ्या त्यांनी मुद्दाम बिनबाटलीच्या सोडलेल्या, बाकी सगळं सारखं. आमच्या कंपनीच्या डेमो प्लॉटला कधी नीट कंट्रोल सोडलेला मी पाहिलेला नाही, तिथे बोर्ड आधी लागतो. उंची तीच, खोड तेवढंच जाड, पानांचा हिरवेपणा तोच. एकाची मुळं जरा झुपकेदार वाटली, ॲझोस्पिरिलम ऑक्सिन हे मुळं वाढवणारं संप्रेरकही बनवतो त्यामुळे तसं होऊ शकतं, पण मला तसं दिसायला हवं होतं म्हणूनही दिसलं असेल.

"युरिया किती दिला?" मी विचारलं.

"पुरा डोस." म्हणजे एकरी साधारण 48 किलो नत्र, सव्वादोन गोण्या. बाटली वेगळी, दुसऱ्या दिवशी, कारण लेबलवर लिहिलंय रासायनिक खतात मिसळू नका, तर त्यांनी मिसळली नाही. लेबल वाचून तंतोतंत तसंच करणारा माणूस आमच्याकडे तक्रार घेऊन येतो हे विशेष.

मग मी त्यांना ट्यूब दाखवून सांगितलं की युरियाचा ओल्या जमिनीत थोड्या दिवसांत अमोनियम होतो, आणि आयता अमोनियम मिळाला की हा जिवाणू नत्र फोडणं बंद करतो, तयार असलेलं एन्झाइमसुद्धा काही मिनिटांत बंद पाडतो. नत्राचा एक रेणू फोडायला किमान 16 एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे रेणू, जळतात, एवढा खर्च कोण उगाच करेल.

काका ट्यूबकडे बघत राहिले. "म्हंजे तुम्ही त्याला उपाशी ठेवून परीक्षा घेऊ राहिले, न मी खाऊ घालून कामाला लावू राहिलो."

ही गोष्ट मला माहीत होती, पण इतक्या सरळ कोणी तोंडावर मारली नव्हती. आमची परीक्षा नत्र शून्य असलेल्या ट्यूबमध्ये, आणि बाटली विकतो युरियाच्या गोणीसोबत, लिंकिंगला तर अक्षरशः सोबतच.

"मग ते बटण काढून टाका ना त्याचं."

मी हसलेच. कारण अमेरिकेत नेमकं तेच केलंय. पिव्होट बायो नावाची कंपनी, 2019 पासून मक्यासाठी विकतेय. जिवाणू दुसरा, क्लेबसिएला, त्यात नत्र फोडण्याची जनुकं चालू करणारं एक जनुक निफए आणि त्याला दाबून धरणारं निफएल. त्यांनी निफएल उडवलं, निफएच्या पुढे असा प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) बसवला की अमोनियम असला तरी ते चालू राहावं, आणि वर अमोनिया स्वतःच वापरण्याच्या यंत्रणेतलं ग्लनई हे जनुकही छाटलं. आपल्याकडे असा जिवाणू शेतात सोडायचा तर 1989 च्या नियमांखाली जीईएसीपर्यंत, म्हणजे जनुक बदललेल्या जिवांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीपर्यंत, फाइल जाणार, आणि 2022 मध्ये जनुक-संपादनाला जी सूट दिली ती फक्त वनस्पतींना, जिवाणूंना नाही.

हे सगळं सांगून मी जरा फुशारकीतच होते, तर काका म्हणाले, "बटण काढलं तर रातंदिवस राबंल. पण शेजारी जमिनीत बाकीचे जंतू हायेत ना, ते तर फुकट खाऊ राहिले. फुकट राबणारा गडी किती दिस टिकतो ताई?"

एमएस्सीला आम्हाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि खरंच अडचण तीच आहे. जो पेशीमागे एवढी ऊर्जा घालवतो तो बाकीच्यांपुढे मागे पडतो, मुळं जेवढी साखर पाझरवतात तेवढ्यावरच सगळा खेळ. त्या कंपनीच्या एका उत्पादनाचा दावा एकरी 40 पौंड नत्राचा, म्हणजे 18 किलो, म्हणजे युरियाची एक गोणीसुद्धा भरत नाही. असा दावा करणाऱ्या उत्पादनांच्या तिथल्या विद्यापीठांनी चाचण्या घेतल्या तर बहुतेक ठिकाणी उत्पन्नात फरक दिसला नाही. तरी मला ते काम भारी वाटतं, आणि आम्ही अजून पापडी मोजत बसलोय याचा रागही येतो.

काका गेल्यावर मॅनेजरना म्हटलं, लेबलवर 'मिसळू नका' पुरत नाही, युरिया किती कमी करायचा आणि किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते लिहू. ते म्हणाले, लिहू की, आकडा सांगा. आकडा नाहीये, काळ्या जमिनीत वेगळा, मुरमाड जमिनीत वेगळा, त्याला चाचणी घ्यावी लागेल आणि चाचणीला बजेट नाही, बोर्डाला आहे.

मग मी काकांनाच फोन केला. पुढच्या खरिपात आठ सऱ्यांना बाटली आणि अर्धाच युरिया, शेजारच्या आठ सऱ्यांना नुसता अर्धा युरिया, देता का करून? "मका पिवळी पडली तर पैसे कोण देणार?" मी देईन म्हटलं. हो म्हणाले, पण उरलेला अर्धा युरिया आधीच घरात आणून ठेवणार, आणि त्यावर लिंकिंगला कोणी बाटली दिली तर ती मी परत घ्यायची.