"दुसरं काही औषध?"

तोक्योत मी रुग्णालयांत दुभाषाचं काम करते. निशिकासाईच्या आसपास मराठी घरं बरीच, त्यामुळे हिंदीसोबत मराठीसाठीही बोलावणं येतं. नियम दोनच. रुग्णाच्या तोंडूनच बोलायचं, म्हणजे तिला मळमळलं तर मी 'मला मळमळतंय' म्हणायचं. आणि पदरचा एकही शब्द घालायचा नाही.

ती 36 वर्षांची, साताऱ्याकडची. आठ महिने पाळी नाही, बीजकोषांना चालना देणारं हॉर्मोन, एफएसएच, 70च्या वर, म्हणजे फारच जास्त. 'रजोनिवृत्ती' हा शब्द कागदावर ठीक आहे. मी सांगितलं, "बीजकोषांचं काम वेळेआधी थांबत आलंय." तिने डॉक्टरांकडे न बघता मलाच विचारलं, "म्हणजे पाळी गेली, ताई?" नवरा फोनमध्ये.

हाडांसाठी अंगावर चिकटवायची इस्ट्रोजेन हॉर्मोनची पट्टी, दर दोन दिवसांनी बदलायची, पन्नाशीपर्यंत, सोबत दुसऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या. रात्रीचा घाम आणि चिडचिड यांसाठी कांपो, म्हणजे चिनी वैद्यकातून आलेली जपानी औषधं. इथे ती एखाद्या भोंदूच्या दुकानात नाही, साध्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात. अशी 148 औषधी मिश्रणं सरकारी विम्यात बसतात. डॉक्टरांनी पोट तपासलं. आपल्याकडे गुडघे दुमडायला सांगतात, तशी ती सवयीने दुमडत होती. कांपोच्या तपासणीत पाय सरळ हवेत. तीनदा सांगावं लागलं. मग 'कामीशोयोसान'ची पाकिटं, त्यांवर आकडा 24, प्रत्येकी अडीच ग्रॅम, दिवसातून तीनदा जेवणाआधी. हे पट्टीच्या जागी नाही, पट्टीसोबत, आणि याने पाळी परत येणार नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मीही.

शेवटी डॉक्टरांचा नेहमीचा प्रश्न आला, "दुसरं काही औषध घेता?"

"नाही."

मी जपानीत म्हणाले, "नाही." शब्दाला शब्द. चोख काम.

सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा घाम कमी होता, पण पायांवर सूज होती, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या, रक्तदाब वाढलेला आणि रक्तातलं पोटॅशियम 2.9पर्यंत उतरलेलं. डॉक्टरांनी कपाळाला आठी घालून तोच प्रश्न पुन्हा केला. पुन्हा "नाही". मग ती माझ्याकडे वळून सहज म्हणाली, "आईने पाठवलेला जेष्ठमधाचा काढा तेवढा, सकाळ-संध्याकाळ. उष्णतेवर."

कामीशोयोसानच्या दिवसाच्या मात्रेत दीड ग्रॅम जेष्ठमध असतो. जपानीत त्याला 'कान्झो' म्हणतात. पाकिटासोबतच्या कागदावर तो शब्द मी पहिल्याच दिवशी वाचला होता. जेष्ठमध जास्त झाला की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम सोडतं. दोन्हीकडचं एकच मूळ, आणि मधे मी.

काढ्याला औषध कोण म्हणतं? ती खोटं बोलली नव्हती. मला मात्र साताऱ्याचं घर माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. मी स्वतःहून 'औषध, काढा, चूर्ण' असं विचारलं असतं, तर परीक्षेत गुण गमावले असते. पर्यवेक्षक बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं भाषांतर बरोबरच होतं. तेच तर.

पाकिटं आणि काढा दोन्ही बंद, पोटॅशियमच्या गोळ्या सुरू, पट्टी तशीच. निघताना तिने घाबरत विचारलं, "चहात आलं चालेल ना?"

मी विचारलं. डॉक्टर पहिल्यांदा हसले. आलं त्या 24 नंबरातही होतं.