रामल्ला ते बेथलेहेम : नकाशावरचं अंतर विसरा

वसईचा माझा एक मित्र पॅरिशच्या ग्रुपबरोबर होली लँड यात्रा करून आला होता. त्याचा सल्ला एका वाक्याचा: "जेरुसलेमहून बेथलेहेम अर्धा तास, नाक्यावर बस थांबतसुद्धा नाही." टूरच्या बसपुरतं ते खरंच आहे. मी मार्च 2023 मध्ये एकटा, तिथल्या लोकांच्या गाड्यांनी फिरलो आणि त्या एका वाक्यापायी अख्खा दिवस घालवून बसलो.

रामल्ला आणि बेथलेहेम ही वेस्ट बँकमधली, म्हणजे इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातली शहरं, आणि त्यांच्या मधोमध जेरुसलेम. सरळ गेलं तर पंचवीसेक किलोमीटर. पण वेस्ट बँकचं हिरवं ओळखपत्र असलेल्या पॅलेस्टिनीला परमिटशिवाय जेरुसलेममध्ये शिरता येत नाही. म्हणून 'सर्व्हिस', म्हणजे आपल्या वडापसारखी पिवळी शेअर व्हॅन, पूर्वेकडून वादी नारचा वळसा घेते. वादी नार म्हणजे आगीची दरी. अंतर दुपटीच्या घरात जातं आणि वळणं वरंधा घाटाची आठवण करून देतात. उलटीची गोळी आधीच घ्या.

याच रस्त्यावर 'कंटेनर' नावाचा इस्रायली लष्करी नाका आहे. पूर्वी तिथे कंटेनरमध्ये थाटलेलं दुकान होतं, त्यावरून हे नाव. पॅलेस्टिनी गाड्यांना दक्षिण-उत्तर जायला धड दुसरा रस्ता नाही. हा एक नाका बंद झाला की हेब्रॉन-बेथलेहेम एका बाजूला, रामल्ला-नाब्लुस दुसऱ्या बाजूला.

आम्ही तिथे दोन तास दहा मिनिटं उभे होतो. कारण कुणी सांगितलं नाही. चार गाड्या सुटायच्या, मग पाऊण तास काहीच नाही. शेजारच्या मुलीची परीक्षा होती. साडेदहानंतर तिने घड्याळ बघणं सोडलं. मागच्या सीटवरचे काका हिरवे बदाम विकायला निघाले होते, पोती टपावर उन्हात. शेवटी सैनिक आला, माझा पासपोर्ट बघून "इंडिया!" म्हणून हसला आणि लगेच परत दिला. बाकीच्यांची कार्डं गोळा करून नेली, ती वीस मिनिटांनी आली. मला ते हसू अजून खुपतं.

तीन शब्द पाठ करा: 'सालिक' म्हणजे रस्ता मोकळा, 'अझ्मे' म्हणजे खोळंबा, 'मुसक्कर' म्हणजे बंद. ड्रायव्हर दिवसभर फोनवर एकमेकांना हेच विचारतात. निघण्यापूर्वी "कंटेनर सालिक?" एवढं विचारा आणि उत्तर 'मुसक्कर' आलं तर सरळ कॉफी मागवा. जाऊन-येऊन एका दिवसात करायचा विचार तर सोडूनच द्या.

बेथलेहेममधले दोन दिवस छान गेले, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. पण चेकपॉइंट 300 (बेथलेहेम आणि जेरुसलेममधला इस्रायली नाका) ते नेटिव्हिटी चर्च (येशूचं जन्मस्थान मानलं जाणारं) या जेमतेम तीन किलोमीटरला टॅक्सीवाल्याने माझ्याकडून 60 शेकेल (इस्रायली चलन) घेतले. रामल्लाहून आलो तेव्हा सर्व्हिसला त्याच्या निम्मेही पडले नव्हते! चालत जा. तो ड्रायव्हर मात्र दिवसभरात दोनच भाडी झाली म्हणत होता, त्यामुळे धड रागावताही आलं नाही.

परतताना जेरुसलेमला जायला पहाटे साडेचारला, तेही रविवारी, चेकपॉइंट 300 ला पोचायचा मूर्खपणा केला. रविवार म्हणजे तिथला आठवड्याचा पहिला दिवस. पिंजऱ्यासारख्या गल्लीत पलीकडे कामाला निघालेले शेकडो पॅलेस्टिनी मजूर, पुढे लोखंडी फिरती दारं. फरशी बसवणारा एक जण म्हणाला, काम सातला सुरू होतं, पण तो घरातून तीनला निघतो. तिकडे काम करायच्या परमिटसाठी दलालाला महिन्याला दोन हजारांवर शेकेल मोजतो. तुम्ही बेथलेहेमला लागून असलेल्या बेत जालाहून जेरुसलेमची 231 नंबरची बस घ्या. तिथेही नाक्यावर पॅलेस्टिनी तरुण खाली उतरून रांग लावतात आणि परदेशी बहुतेक वेळा आत बसून असतात. सोय आहे, पण मान खाली घालून बसावं लागतं.

हे सगळं 7 ऑक्टोबर 2023 च्या, म्हणजे हमासच्या इस्रायलवरच्या हल्ल्याच्या आधीचं. त्यानंतर बहुतेक मजुरांचे परमिट बंद झाले. म्हणजे तो फरशीवाला आता कदाचित रांगेतही नसेल. गावांच्या तोंडाशी लोखंडी फाटकं वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या ओसीएचए या मानवतावादी मदतीच्या कार्यालयाने 2023 च्या सुरुवातीला वेस्ट बँकमध्ये 645 अडथळे मोजले होते, 2025 च्या सुरुवातीला 849. तेव्हा माझ्या वेळांवर अजिबात विसंबू नका, दुप्पट धरा.

पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेली इस्रायल-प्रवेशाची निळी चिठ्ठी खिशात ठेवा, बॅगेत नको. पाणी घ्या, पण जपून प्या. त्या दोन तासांत आम्हाला गाडीतून उतरू दिलं नव्हतं.