आमच्या रूमवरच्या चार कॉट

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, पोरीला बीएस्सी नर्सिंगला घालू का गं, मधेच सोडतात म्हणे पोरी, अभ्यास लई अवघड असतोय काय? मी म्हटलं काकू, नुसत्या अभ्यासानं सोडून गेलेली पोरगी मी तरी अजून बघितली नाही. बोलून गेले खरं, पण नंतर केएमटीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, बसून तेच डोक्यात घोळायला लागलं म्हणून लिहितेय.

मी नर्सिंगला होते तेव्हा हॉस्टेलला आमच्या रूमवर चार कॉट होत्या. शेवटच्या वर्षाला आम्ही दोघीच राहिलो.

पहिली गेली तिचं काय वाईट वाटलं नाही. मेडिकलच्या नीट परीक्षेला मार्क कमी पडले म्हणून सीट तर धरून ठेवू या हिशोबानं आलेली, बीएचएमएसच्या, म्हणजे होमिओपॅथीच्या, राऊंडला नंबर लागला आणि दोन दिवसांत बॅग भरून गेली. प्रत्येक बॅचला अशा असतातच. चुकीच्या बसमध्ये चढलेली बाई पुढच्या स्टॉपला उतरली, एवढंच.

दुसरीचं मात्र अजून डोक्यातनं जात नाही. कुरुंदवाडकडची होती, म्हणून सगळे तिला वाडीवालीच म्हणायचे. २०१८ ची आमची बॅच. पहिल्या वर्षी वॉर्डला पाठवतात तेव्हा तुम्ही अठरा वर्षांच्या असता आणि घरात कधी स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नसतं काहींनी, आणि डायरेक्ट बेडपॅन, स्पंज बाथ, पुरुष पेशंटचं कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची स्वच्छता), वर नातेवाईक "ए सिस्टर, इकडं बघ की" म्हणून ओरडणार. घरी फोनवर काय सांगणार? गावात आधीच कुणीतरी बोललेलं असतंय, पोरीला घाण काढायला ठेवलीय म्हणून. निम्म्या पोरी बाथरूममध्ये जाऊन रडून यायच्या, मी पण. वाडीवाली नाही रडायची. आमच्यासमोर पहिली डेथ झाली तेव्हा एक म्हातारी होती, सिस्टरांनी सांगितलं लास्ट ऑफिस तुम्ही दोघी करा, म्हणजे गेलेल्या माणसाला पुसून, नीट करून, गुंडाळून द्यायचं. माझे हात थरथरत होते आणि हिनं शांतपणे त्या म्हातारीची वेणी घातली. म्हणाली, लेक येणार हाय न्हवं बघायला. दोनला ड्युटी सुटली, तीनला आम्ही न्यूट्रिशनच्या लेक्चरला बसलो, आणि सकाळी काय झालं हे एकानंही विचारलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर कधी.

तर अशी पोरगी सोडून गेली, कशानं, तर हजेरीनं.

२०१९ च्या ऑगस्टला महापूर आला. तिचा शिरोळ तालुका निम्मा पाण्यात, हायवे बंद, आम्ही पण हॉस्टेलला अडकलेलो. पाणी उतरल्यावर तिच्या घरात चिखल, एक म्हैस गेलेली, ऊस कुजलेला, आणि आईला ताप. ती महिनाभर घरीच राहिली, राहणारच की. आता नियम असा आहे की परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडायच्या आधी वॉर्डची हजेरी १०० टक्के भरावी लागते. हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आणि मला तो चुकीचा पण वाटत नाही, सुई टोचायला अर्धवट शिकलेली नर्स कुणाला पाहिजे? पण चुकलेली ड्युटी भरायची कधी, तर रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, लेक्चर संपल्यावर. म्हणजे बाकीच्या झोपतात किंवा अभ्यास करतात तेव्हा ही वॉर्डला. मग केअर प्लॅन राहिले, मग जर्नल राहिलं, मग पहिल्या वर्षाचा बायोकेमचा बॅकलॉग होता तो पण तसाच. इव्हिनिंग ड्युटी रात्री आठला सुटायची आणि हॉस्टेलची मेस साडेआठला बंद. कितीतरी रात्री तिनं पार्ले जी खाऊन काढल्यात.

(याच कोल्हापुरात दसरा चौकात बोर्डिंगं, म्हणजे शिकणाऱ्या पोरांची वसतिगृहं, आहेत. शाहू महाराजांनी १९०१ ला मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची निघत गेली. खेड्यातनं आलेल्या पोराला आधी राहायला आणि जेवायला लागतं हे त्या राजाला तेव्हा कळलं होतं.)

त्यात स्थळ आलं. मुलाकडच्यांनी एवढंच विचारलं, नाईट ड्युटी करणार काय? वडिलांचं पुराचं कर्ज, पुढच्या वर्षाची फी, सगळं एकदमच अंगावर आलं. हल्ली २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या बऱ्याच मुलींना शिक्षण शुल्क माफ झालंय, तेव्हा नव्हतं तसं, आणि आता पण मेस, एसटी, पांढरे बूट, जर्नलं हे खिशातनंच. जानेवारीत एका रात्री मला म्हणाली, "मी जातो गं घरी आता." (आमच्याकडं पोरी पण जातो म्हणतात, बाहेरच्यांनी हसू नये.) मी अर्धवट झोपेत म्हटलं जा की, सोमवारी ये. मला वाटलं सुट्टीला चाललीय.

नंतर वडिलांनी कागदपत्रांसाठी चार फेऱ्या मारल्या. दाखला, बारावीचं मार्कलिस्ट सगळं कॉलेजकडं, आणि द्यायचं तर उरलेल्या वर्षांची फी भरा म्हणे. कशीतरी तडजोड झाली. रजिस्टरला कारण काय लिहिलं माहितीय? वैयक्तिक. आणि मॅडम वर्गात म्हणाल्या, झेपलं नाही तिला. दोन महिन्यांत कोरोना आला आणि जिकडंतिकडं नर्स पाहिजेत, नर्स पाहिजेत.

लग्न काय त्या स्थळाशी झालं नाही. ती आता तिकडंच एका छोट्या दवाखान्यात आहे. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नाही, पगार माझ्या निम्म्याहून कमी, पण पेशंट तिला सिस्टरच म्हणतात आणि शीर माझ्यापेक्षा तिलाच लवकर सापडते. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन आला. फार्मा, म्हणजे औषधांचा विषय, अर्ध्यावर सोडून गेलेली, त्यामुळं अधूनमधून असे फोन येतात.

"अगं, झोपलीस काय? केसीएल डायरेक्ट शिरेत सोडायचं नसतंय न्हवं?"

मी ताडकन उठून बसले. केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. म्हटलं अजिबात नाही, जीव जाईल माणसाचा, सलाईनमध्ये मिसळून हळूहळू, आणि आधी डॉक्टरांना परत विचार.

"मला वाटलंच," म्हणाली, "म्हणून हातात धरून बसलोय कवापासनं."